प्लुटोच्या हवेचा हिशेब

डिसेंबर २०२१ मध्ये 'अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल लेटर्स' या संशोधनपत्रिकेत प्लुटोच्या वातावरणावर एक आटोपशीर निबंध प्रसिद्ध झाला. पहिलं नाव पॅरिसच्या ब्रुनो सिकार्डी यांचं. त्यामागे अहमदाबादचे नागरहल्ली अशोक, तिरुवनंतपुरमच्या आनंदमयी तेज, आणि मग ओळीने तीन नावं: गणेश पवार, शिशिर देशमुख, अमेय देशपांडे. या तिघांपुढे कुठल्या विद्यापीठाचा पत्ता नाही. तिथे लिहिलंय, आकाशमित्र मंडळ, कल्याण. म्हणजे आमच्या भिवंडीतल्या नारपोलीहून निघावं, कोनगाव मागे टाकावं आणि दुर्गाडीच्या पुलावरून खाडी ओलांडावी, एवढ्या अंतरावरचं गाव.

प्लुटोचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं दोनच ठिकाणी जाऊन अडतं. तो ग्रह आहे की नाही, आणि पत्रिकेत तो कुठल्या घरात बसलाय. पहिल्याचा निकाल २००६ मध्ये लागला, दुसऱ्याचा धंदा चालू राहीलच. माझ्या मते या दोन्ही गोष्टी प्लुटोबद्दल फारसं काही सांगत नाहीत. आज जिवंत असलेला प्रश्न त्याच्या हवेचा आहे. ही हवा वाढतेय, थांबलीय की गोठून खाली बसायला लागलीय, यावर गेली काही वर्षं जाणत्यांमध्ये मतभेद आहेत, आणि कल्याणच्या पत्त्याचा तो निबंध याच वादातली एक साक्ष आहे.

आधी जुजबी माहिती. प्लुटोचा व्यास २,३७७ किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर शाळेच्या पुस्तकात ३,२१४ किलोमीटर दिलेलं असतं, त्यात हा अख्खा गोल मावून वर जागा उरते. आपल्या चंद्राहूनही तो लहान, आणि वस्तुमान तर चंद्राच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढं. सूर्याभोवती एका फेरीला २४८ वर्षं लागतात. १९३० साली सापडल्यापासून त्याची एक फेरी अजून पुरी झालेली नाही, ती २१७८ मध्ये होईल. कक्षा चांगलीच लांबुडकी आहे: जवळ असताना सूर्य-पृथ्वी अंतराच्या तीसपटींहून थोडा आत, लांब गेला की ४९ पट. शिवाय ती इतर ग्रहांच्या पातळीशी १७ अंशांनी कललेली. १९७९ ते १९९९ अशी वीस वर्षं तो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. तरी दोघांची टक्कर होण्याची भीती नाही, कारण नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लुटोच्या बरोबर दोन होतात, आणि या बांधलेल्या तालामुळे प्लुटो नेपच्यूनच्या वाटेजवळ येतो तेव्हा नेपच्यून नेहमी दुसरीकडेच असतो.

तिथे काळोख असेल असं वाटतं, तेही तितकंसं खरं नाही. सूर्यप्रकाश पृथ्वीवरच्या हजार-बाराशेव्या हिश्श्याएवढा उरतो, पण आपल्या पौर्णिमेच्या चांदण्याच्या तो तीनेकशे पट आहे. पुस्तक सहज वाचता येईल. वाचणारा मात्र उणे २३० अंशांच्या आसपास उभा असेल.

नारपोलीतून प्लुटो पाहायचं मनात आणू नये. त्याची प्रत १४ च्या पुढे आहे, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्यापेक्षाही तो हजार पटींनी मंद. अंधाऱ्या माळावर आठ-दहा इंची दुर्बीण आणि चांगला नकाशा असेल तर एक ठिपका दिसतो, आणि तो प्लुटोच आहे हे दुसऱ्या रात्री पुन्हा पाहून, तो सरकल्यावरच पटतं. इथे अंजूरफाट्यापासून रहनाळ-पूर्णा-काल्हेरपर्यंत गोदामांच्या आवारात रात्रभर दिवे जळतात, महामार्गावर कंटेनरांची रांग असते, यंत्रमागांच्या पट्ट्यावरची धूळ वेगळी. चौथ्या प्रतीचा तारा दिसला तरी नशीब. पण नीट पाहिलं तर प्लुटोबद्दलचं ज्ञान त्याच्याकडे टक लावून मिळालेलंच नाही. मोठमोठ्या दुर्बिणींतूनही तो कित्येक दशकं ठिपकाच होता. तो ज्याच्या आड येतो, किंवा जे त्याच्या आड जातं, त्यावरून त्याचं बहुतेक सगळं कळलं.

सुरुवातीला तर कळलेलं बरंचसं चूक होतं. बोस्टनचा श्रीमंत खगोलप्रेमी पर्सिव्हल लोवेल याने युरेनसच्या गतीतल्या बारीक तफावतींवरून नेपच्यूनपलीकडे एक ग्रह असावा असं गणित मांडलं. वस्तुमान धरलं पृथ्वीच्या सातपटीच्या घरात. १९१६ मध्ये तो वारला. त्याच्याच फ्लॅगस्टाफच्या वेधशाळेने पुढे क्लाइड टॉम्बॉ नावाच्या कॅन्सासच्या शेतकऱ्याच्या पोराला कामावर घेतलं. घरी दुर्बीण तयार करून त्याने मंगळ-गुरूची चित्रं काढून पाठवली होती, एवढ्याच भांडवलावर. २३ आणि २९ जानेवारी १९३० ला मिथुन तारकासमूहाची छायाचित्रं घेतली होती. दोन काचा आलटून-पालटून डोळ्यापुढे आणणाऱ्या यंत्रावर १८ फेब्रुवारीला त्याला एक ठिपका उडी मारताना दिसला. नाव सुचवलं ऑक्सफर्डच्या अकरा वर्षांच्या व्हेनेशिया बर्नीने.

ग्रह गणिताने सांगितलेल्या जागेजवळ सापडला, म्हणून गणिताचा जयजयकार झाला. पण ठिपका फारच मंद होता. सात पृथ्वींएवढा ऐवज असा दिसणार नाही. इथून त्या वस्तुमानाला उतरती कळा लागली. १९३१ च्या सुमारास ते पृथ्वीएवढं झालं, १९४८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कायपरने दहाव्या हिश्श्यावर आणलं. १९७६ मध्ये प्लुटोवर मिथेनचा बर्फ सापडला. बर्फ प्रकाश चांगला परतवतो, म्हणजे एवढा उजेड द्यायला गोल फार मोठा असण्याची गरज उरली नाही. अंदाज शंभराव्या हिश्श्याखाली गेला. १९८० मध्ये डेस्लर आणि रसेल या दोघांनी या सगळ्या आकड्यांतून एक वक्ररेषा काढली आणि प्लुटो १९८४ मध्ये नाहीसा होणार असं जाहीर केलं. शास्त्रज्ञांच्या विनोदांत इतका नेमका विनोद क्वचितच सापडतो.

तोवर खरा आकडा मिळालेला होता. २२ जून १९७८ ला जेम्स ख्रिस्टी या खगोलशास्त्रज्ञाला प्लुटोच्या छायाचित्रांत एका बाजूला टेंगूळ दिसलं, आणि ते ठरावीक दिवसांनी जागा बदलत होतं. तो शॅरन, प्लुटोचा मोठा चंद्र. चंद्र सापडला की त्याच्या फेरीवरून मालकाचं वस्तुमान सरळ काढता येतं. ते निघालं पृथ्वीच्या सुमारे पाचशेव्या हिश्श्याएवढं. मग १९८५ ते १९९० या काळात, शे-सव्वाशे वर्षांत एकदा येणारा योग आला: पृथ्वीवरून पाहताना प्लुटो आणि शॅरन आळीपाळीने एकमेकांना झाकू लागले. प्रत्येक झाकणीत उजेड किती कमी झाला आणि किती वेळ, एवढ्या नोंदीवरून दोघांचे आकार आणि पृष्ठभागावरचे काळे-उजळ पट्टे यांचा ढोबळ नकाशा तयार झाला. शॅरनचा व्यास १,२१२ किलोमीटर, प्लुटोच्या निम्म्याहून अधिक. दोघं ६ दिवस ९ तासांत एकमेकांभोवती फिरतात आणि सतत एकमेकांना तीच बाजू दाखवतात, त्यामुळे प्लुटोच्या एका अर्धगोलातून शॅरन कधी मावळत नाही आणि दुसऱ्यातून कधी दिसत नाही. पुढे निक्स, हायड्रा, कर्बेरोस, स्टिक्स हे चार छोटे चंद्र सापडले.

लोवेलच्या गणिताचं काय झालं? १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ यान नेपच्यूनजवळून गेलं तेव्हा नेपच्यूनचं वस्तुमान आपण किंचित चूक धरत होतो हे कळलं. ते दुरुस्त करून माइल्स स्टँडिश यांनी १९९३ मध्ये हिशेब पुन्हा मांडला, तर युरेनसच्या गतीत स्पष्ट करण्यासारखी तफावतच उरली नाही. ज्याच्यासाठी शोध सुरू झाला तो ग्रह नव्हताच. टॉम्बॉने प्लुटो शोधला तो चिकाटीने. गणिताचा त्यात वाटा एवढाच, की त्याला नोकरी मिळाली.

आता हवा. महामार्गापलीकडच्या दिव्यासमोरून ट्रक गेला तर दिवा पटकन दिसेनासा होतो आणि पटकन दिसतो. त्याच ट्रकवर वाफाळती टाकी असेल तर दिवा आधी मलूल होतो, मग जातो, आणि परत येतानाही हळूहळू उजळतो. प्लुटो एखाद्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा नेमकं हेच पाहायचं असतं. याला पिधान म्हणतात. हवा नसेल तर ताऱ्याचा प्रकाश कापल्यासारखा तुटतो. हवा असेल तर तिच्या थरांतून किरण वाकतात, पसरतात, आणि उजेडाचा आलेख उतरणीसारखा येतो. या उतरणीच्या आकारावरून दाब आणि तापमान काढता येतं. ९ जून १९८८ ला विमानात बसवलेल्या दुर्बिणीतून आणि दक्षिण गोलार्धातल्या वेधशाळांतून अशी उतरण स्पष्ट नोंदली गेली, आणि प्लुटोला वातावरण आहे हे पक्कं झालं. मुख्यतः नायट्रोजन, थोडा मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड.

नायट्रोजन इथे दोन रूपांत आहे: जमिनीवर बर्फ, वर वायू. बर्फ किंचित तापला की थेट वायू होऊन उडतो, गारठला की वायू परत बर्फ होऊन बसतो. त्यामुळे हवेचा दाब हा बर्फाच्या तापमानाचाच आरसा, आणि एका-दोन अंशांनी मोठा फरक पडतो. प्लुटो सूर्याच्या सर्वांत जवळ होता सप्टेंबर १९८९ मध्ये. त्यानंतर तो लांब चाललाय, म्हणजे गारठणार, म्हणजे हवा कमी होणार, हे तर कुणीही सांगेल. अमेरिकेत प्लुटोकडे यान पाठवायची घाई करणाऱ्यांचा एक मुद्दा हाच होता: उशीर केलात तर हवा गोठून जाईल, पाहायला काही उरणार नाही.

आणि झालं उलटंच. १९८८ ते २०१६ या काळात जी डझनभर पिधानं मोजली गेली, त्यांत दाब कमी होण्याऐवजी तिपटीने वाढत गेलेला दिसला.

उत्तराचा मोठा भाग न्यू होरायझन्स यानाने दिला. १९ जानेवारी २००६ ला उडालेलं हे यान १४ जुलै २०१५ ला प्लुटोच्या पृष्ठभागापासून साडेबारा हजार किलोमीटरवरून, सेकंदाला जवळपास १४ किलोमीटर वेगाने निघून गेलं. थांबायची सोय नव्हती. नऊ वर्षांचा प्रवास आणि खरं काम काही तासांचं. टॉम्बॉची चिमूटभर रक्षा यानात होती. जमवलेली माहिती इतक्या मंद गतीने पृथ्वीवर पोचत होती की शेवटचा तुकडा मिळायला ऑक्टोबर २०१६ उजाडलं. चित्रांनी सगळ्यांना थक्क केलं: साडेतीन हजार मीटर उंचीचे, पाण्याच्या बर्फाचे डोंगर (तिथल्या थंडीत पाण्याचा बर्फ खडकासारखा टणक असतो), लालसर काळे पट्टे, बर्फाचे ज्वालामुखी असावेत अशा टेकड्या, आणि हृदयाच्या आकाराचा तो उजळ प्रदेश. एका पर्वतरांगेला पुढे तेन्झिंगचं नाव देण्यात आलं, शेजारच्या रांगेला हिलरीचं.

हृदयाचा डावा अर्धा भाग म्हणजे स्पुटनिक प्लॅनिशिया. सुमारे हजार किलोमीटर पसरलेलं, खोलगट खोऱ्यात साचलेलं नायट्रोजनच्या बर्फाचं मैदान. त्यावर एकही विवर आढळलं नाही, म्हणजे हा पृष्ठभाग सतत नवा होत असतो. खालच्या उष्णतेने बर्फ संथपणे वर येतो, कडांना परत खाली जातो, आणि मैदानावर बहुकोनी फरशांसारखी नक्षी उमटते. मला विचाराल तर प्लुटोवरची सर्वांत महत्त्वाची जागा हीच. प्लुटोचा अक्ष इतका कललेला आहे की ध्रुवांवर कित्येक दशकं सलग उजेड, कित्येक दशकं सलग रात्र असते. गेल्या काही दशकांत ऋतू असा फिरला की या मैदानावर ऊन चांगलं पडू लागलं. सूर्य लांब गेल्याने जे घटलं त्यापेक्षा या उन्हाने जास्त वायू सोडला. शिवाय बर्फ उशिरा तापतो, उशिरा निवतो. अंतराचा हिशेब बरोबर होता, पण कोठार कुठे आहे ते माहीत नव्हतं.

जाता जाता न्यू होरायझन्सनेही सावलीचाच उपयोग केला. यान प्लुटोमागे गेलं तेव्हा पृथ्वीवरून सोडलेले रेडिओतरंग प्लुटोच्या हवेतून वाकून त्याच्यापर्यंत पोचले, आणि त्यावरून जमिनीलगतचा दाब निघाला सुमारे ११ ते १२ मायक्रोबार. मागे वळून सूर्याच्या दिशेने काढलेल्या चित्रात प्लुटोभोवती निळसर धुक्याचं कडं दिसलं, त्यात वीसेक थर. हे धुकं शोभेचं नाही. हवा अपेक्षेपेक्षा थंड का, याचं कारण धुक्याचे कण उष्णता बाहेर टाकतात हे असावं, असं शी झांग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सुचवलं होतं. जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांनी २०२५ मध्ये त्याला दुजोरा दिला.

२०१५ नंतर काय, हा वादाचा भाग. २०१८ च्या पिधानावरून अमेरिकेतल्या एका गटाला दाब उतरू लागल्याची चिन्हं दिसली. जपानच्या को अरिमात्सु यांच्या गटाने २०१९ च्या पिधानावरून तर दाब सुमारे वीस टक्क्यांनी घसरल्याचं मांडलं. मात्र त्या मोजणीतली अनिश्चितता मोठी होती. अशा वेळी एका चांगल्या, नितळ नोंदीची गरज होती.

ती मिळाली ६ जून २०२० च्या रात्री, नैनितालजवळच्या देवस्थळला. त्या तारखेला इथे काय चाललं होतं ते आठवून पाहावं. टाळेबंदी जेमतेम सैल होत होती. तीनच दिवसांपूर्वी निसर्ग वादळ अलिबागच्या किनाऱ्यावर आदळून गेलं होतं. आदल्या दिवशी वटपौर्णिमा झालेली, म्हणजे आकाशात जवळजवळ पूर्ण चंद्र. देवस्थळ सुमारे २,४५० मीटर उंचीवर आहे. आर्यभट प्रेक्षण विज्ञान शोध संस्थेच्या दोन दुर्बिणी तिथून प्लुटोकडे रोखल्या गेल्या: एक ३.६ मीटर व्यासाची, दुसरी १.३ मीटरची. प्लुटोची सावली पृथ्वीवरून सेकंदाला वीसेक किलोमीटरने पळते, त्यामुळे मुख्य खेळ मिनिट-दोन मिनिटांत आटोपतो. ढग आला तर पुन्हा संधी नाही. ढग आला नाही.

दोन्ही दुर्बिणींच्या आलेखांवरून पृष्ठभागावरचा दाब निघाला १२.२३ मायक्रोबार. समुद्रसपाटीला आपल्यावर जो हवेचा दाब असतो त्याच्या ८० हजारांश भागापेक्षाही कमी. निबंधाचा निष्कर्ष असा, की २०१५ च्या मध्यापासून प्लुटोची हवा वाढत नाही आणि घटलेलीही नाही, ती पठारावर आहे. स्पुटनिक प्लॅनिशिया धरून आधी मांडलेल्या प्रतिमानाशी हे जुळतं. जपानी घसरणीला या मोजणीने पाठिंबा दिला नाही. एका रात्रीच्या नोंदीने वाद मिटत नाही हे खरं, आणि प्रतिमानंही पुढे उतार येणार असंच सांगतात. पण उतार २०२० पर्यंत सुरू झाला नव्हता, हे या नोंदीवरून बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं.

सावली पकडण्याच्या कामात हौशी मंडळींचं नाव शोधनिबंधावर येणं ही मेहेरबानी नसते. सावलीचा पट्टा नकाशावर कुठून जाणार हे आधीच ठरलेलं असतं आणि त्या पट्ट्यात वेधशाळा असेलच असं नाही. जितक्या जास्त ठिकाणांहून अचूक वेळेसह नोंद, तितका गोलाचा आकार नेमका. मुंबईच्या टापूत खगोल मंडळाची वांगणीची आकाशदर्शनं, कल्याणचं आकाशमित्र मंडळ यांनी दोन पिढ्यांना तारे ओळखायला शिकवलं. त्यातल्या कुणी पुढे जाऊन मोजणीपर्यंत पोचावं, ही त्या कामाची सरळ वाढ आहे. दुर्दैवाने आपल्या वर्तमानपत्रांना उल्कावर्षाव आणि 'सुपरमून' यांपलीकडे जायला सवड नसते.

ग्रहपदाचं थोडक्यात. ऑगस्ट १९९२ मध्ये डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना नेपच्यूनपलीकडे आणखी एक पिंड सापडला, मग शेकड्यांनी सापडत गेले. २००५ मध्ये माइक ब्राउन यांच्या गटाने एरिस जाहीर केला, तो प्लुटोपेक्षा मोठा वाटत होता. एकतर दोन्ही ग्रह, नाहीतर दोन्ही नाहीत. २४ ऑगस्ट २००६ ला प्राग इथे आंतरराष्ट्रीय खगोल संघाने मतदानाने ठरवलं: सूर्याभोवती फिरावा, स्वतःच्या गुरुत्वाने गोल व्हावा आणि आपल्या कक्षेचा परिसर साफ केलेला असावा, तो ग्रह. प्लुटो तिसऱ्या अटीत नापास झाला आणि बटुग्रह ठरला. पहिल्याच लघुग्रहाला, सीरिसला, एकोणिसाव्या शतकात ग्रहांच्या यादीतून असंच काढलं होतं, तेव्हा कुणी मोर्चा काढला नव्हता. गंमत म्हणजे २०१० मध्ये एरिस एका ताऱ्यासमोरून गेला आणि त्याचा व्यास निघाला २,३२६ किलोमीटर, प्लुटोपेक्षा थोडा कमीच. वस्तुमानात मात्र तो प्लुटोला पाव हिश्श्याहून जास्त भारी आहे.

एरिस, हाउमेया, माकेमाके या बटुग्रहांपर्यंत अजून एकही यान गेलेलं नाही, तिथली मुख्य माहिती सावल्यांचीच. २०१७ मध्ये हाउमेयाभोवती कडं सापडलं ते पिधानातून. क्वावार या पिंडाभोवतीची कडी २०२३ मध्ये जाहीर झाली ती पिधानातून, आणि सिद्धान्ताप्रमाणे जिथे कडं टिकूच नये इतक्या लांब ती आहेत.

प्लुटोच्या बाबतीत मात्र हा मार्ग अरुंद होत चाललाय. अलीकडेपर्यंत तो धनू तारकासमूहात, आकाशगंगेच्या दाट पट्ट्यावरून चालत होता, मागे तारेच तारे होते, म्हणून पिधानं वारंवार होत. आता तो मकर तारकासमूहात, विरळ भागात शिरलाय. योग्य तेजाचा तारा वाटेत येणं दुर्मीळ होत जाईल, आणि हवा उतरणीला लागायची असेल तर नेमकी याच काळात लागेल. शिवाय तो रात्रभर आकाशात असतो तो काळ, म्हणजे प्रतियुती, सध्या जुलैच्या अखेरीस येते. कोकणात आणि ठाणे जिल्ह्यात तेव्हा महिनाभर तारा दिसत नाही. प्रतियुती दरवर्षी एक-दोन दिवसांनी पुढे सरकते. ती पावसाळ्याबाहेर पडायला निदान तीन दशकं जातील, आणि तोवर प्लुटो आणखी लांब, आणखी मंद झालेला असेल. त्यामुळे कल्याणच्या माणसांना प्लुटोची सावली पकडायची तर पावसाळ्याआधीच्या मे-जूनच्या रात्री, दिवाळीनंतर प्लुटो लवकर मावळण्याआधीची संध्याकाळ, नाहीतर देवस्थळ किंवा लडाखातलं हानले, एवढेच पर्याय उरतात.